फोडलेला क्रूस उभा करणारे पाळक

आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या मंडळीच्या आवारात, विहिरीच्या काठाला, एक काळा घडीव दगड पालथा पडलेला असे. आयाबाया त्यावर धुणे धूत आणि उपासना लांबली की आम्ही मुले त्यावर बसून चिंचा खात असू. पुढे आवाराची भिंत पडली. ती नव्याने बांधताना गवंड्याने तो दगड उलटा केला, तेव्हा खालच्या अंगाला अक्षरे दिसली. कोणा एका भावाच्या किंवा बहिणीच्या कबरेचा तो दगड होता. नाव अर्धे तुटले होते. तो कबरस्तानात नेऊन उभा करावा असे दोघातिघांनी सुचविले. पण आपण दगडांना मान देणारे लोक नव्हेत, आणि भिंतीला तर दगड हवाच आहे, असे इतरांचे मत पडले. दगड भिंतीच्या पायात गेला. त्या वेळी आम्ही तरुण होतो. काही न बोलता घरी गेलो.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, स्कॉटलंडमधील एका खेड्याचे पाळक रेव्ह. डॉ. हेन्री डंकन यांचे चरित्र आम्ही पुन्हा एकवार वाचले. बचत बँकेचे जनक म्हणून त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येते. पण ते आयुष्यभर एका लहानशा मंडळीचे पाळक होते, आणि तुटलेल्या दगडांशी त्यांचा फार जवळचा संबंध आला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून ह्या महिन्यात त्यांची ओळख वाचकांस करून देत आहोत.

स्कॉटलंडच्या दक्षिण किनाऱ्याला, सोल्वे नावाच्या खाडीजवळ, डम्फ्रीज शहरापासून आठ-दहा मैलांवर रुथवेल हे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये कोणी गेला तर प्रथम त्याची नजर जाते ती एका उंच दगडी क्रूसाकडे. तो सुमारे १८ फूट उंच असून, बसविताना जमिनीत खड्डा करून त्यात त्याचा पाया ठेवावा लागला. हा क्रूस इसवी सनाच्या आठव्या शतकातला, म्हणजे सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी तो मुलूख नॉर्थम्ब्रिया ह्या अँग्लो-सॅक्सन राज्यात मोडत असे. पुस्तके फार थोडी आणि वाचणारे त्याहून थोडे, अशा त्या दिवसांत हा क्रूसच लोकांचे पवित्र शास्त्र होता. त्याच्या दोन रुंद बाजूंवर शुभवर्तमानातील प्रसंग कोरले आहेत. मरीयेस देवदूताने दिलेला निरोप, मरीया व अलीशिबा यांची भेट, जन्मांधाला दृष्टिदान, प्रभूचे चरण आपल्या केसांनी पुसणारी पापी स्त्री, मिसर देशाचा प्रवास, वधस्तंभावरील मरण, आणि रानातील पशू ज्याच्या पायांशी नम्र झाले आहेत असा ख्रिस्त. चित्रांच्या कडेने लॅटिन अक्षरे आहेत. दोन अरुंद बाजूंवर द्राक्षवेल चढत गेला असून त्याची फळे पक्षी व प्राणी खात आहेत. आणि त्या वेलाच्या दोन्ही अंगांना रून नावाच्या प्राचीन लिपीत एका कवितेच्या ओळी कोरल्या आहेत.

पण जवळ जाऊन पाहिले म्हणजे कळते की हा दगड अखंड नाही. चेहरे झिजले आहेत, मधून मधून सांधे आहेत, आणि आडवे बाहू तर वेगळ्याच काळचे दिसतात. हा क्रूस फोडला गेला होता. आणि तो फोडणारे परके लोक नव्हते, ते आपल्यासारखेच प्रॉटेस्टंट होते.

धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या मंडळीने मूर्ती व चित्रे यांविरुद्ध कडक धोरण धरले. दुसरी आज्ञा त्यांच्या मनात ताजी होती. ज्या पितळी सर्पाला मोशेने उभारले, त्याच्यापुढे लोक धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, हाही दाखला त्यांच्यापुढे होता. १६४२ साली मंडळीच्या साधारण सभेने रुथवेलचे हे स्मारक मोडून टाकावे असा ठरावच केला. क्रूस पाडला गेला. काही तुकडे चर्चच्या जमिनीतच राहिले व उपासकांच्या पायांखाली आले. पुढे अठराव्या शतकात चर्चची दुरुस्ती झाली तेव्हा ते बाहेर कबरस्तानात टाकण्यात आले. तेथे ऊनपाऊस खात ते पडून होते. हेन्री डंकन रुथवेलला आले तेव्हा ही स्थिती होती.

डंकन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १७७४ रोजी त्याच प्रांतातील लॉकरटन ह्या गावी झाला. त्यांचे वडील तेथील पाळक होते. विख्यात कवी रॉबर्ट बर्न्स हे त्या घरी येऊन गेलेले असून लहानग्या हेन्रीने त्यांना पाहिले होते. शिक्षण चालू असताना वयाच्या सोळाव्या वर्षी हेन्रीला लिव्हरपूल येथे एका बँकेत कारकुनीस पाठविण्यात आले. त्यांचे भाऊ त्या शहरात व्यापारात होते आणि हा मुलगाही तेथेच नशीब काढील अशी घरच्यांची अपेक्षा होती. तीन वर्षे त्यांनी खतावण्या लिहिल्या. पण मन रमले नाही. प्रभूच्या सेवेची ओढ लागली आणि बँकेची नोकरी सोडून ते एडिंबरो व ग्लासगो येथे ईश्वरज्ञान शिकण्यास गेले. ती तीन वर्षे फुकट गेली असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. देव कोणाची कोणती वर्षे कोठे कामी लावील हे आधी समजत नाही.

१७९९ च्या सप्टेंबरात, पंचविशीही पुरी झाली नसताना, त्यांची रुथवेलला पाळक म्हणून नेमणूक झाली. गाव गरीब होते. शेतमजूर, विणकर आणि खाडीकाठचे कष्टकरी लोक अशी मंडळी. लवकरच धान्याची टंचाई पडली, तेव्हा डंकन यांनी लिव्हरपूलच्या भावांकडून धान्य मागविले आणि ते मूळ किमतीला लोकांना दिले. १८०४ साली त्यांनी आपल्या आधीच्या पाळकांची कन्या ॲग्नेस क्रेग हिच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी झाली. लोकांच्या हाती चांगले वाचन पडावे म्हणून त्यांनी स्वस्त पुस्तिका काढल्या आणि १८०९ साली डम्फ्रीज येथे एक साप्ताहिकही सुरू केले. काही वर्षे त्याचे संपादन स्वतः केले.

पण ज्या कामाने त्यांचे नाव जगभर गेले ते निराळेच. आपल्या मंडळीतील माणसे आळशी किंवा उधळी नाहीत, तरी आजारपण वा म्हातारपण आले की हात पसरावा लागतो, हे त्यांनी पाहिले. मजुराच्या हाती सुगीच्या दिवसांत दोन पैसे शिल्लक पडत. पण ते ठेवायचे कोठे? त्या वेळच्या बँका दहा पौंडांखाली ठेव घेत नसत, आणि दहा पौंड एकरकमी जमवणे मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते. मग ते पैसे गाडग्यात राहत, उसने जात, नाहीतर गुत्त्यात जात. गरिबांना दान देणे हे चर्चचे काम आहेच. पण दान घेण्याची वेळच येऊ नये अशी सोय करणे हेही चर्चचे काम आहे, असे डंकन यांच्या मनाने घेतले. लिव्हरपूलची ती तीन वर्षे येथे उपयोगी पडली.

१८१० साली त्यांनी रुथवेलच्या एका साध्या कौलारू खोलीत बचत बँक उघडली. तेथे सहा पेनीसुद्धा ठेव म्हणून घेत. गोळा झालेली रक्कम डम्फ्रीजच्या मोठ्या बँकेत ठेवीत आणि येणाऱ्या व्याजातून ठेवीदारांना व्याज देत. पैशाच्या लाकडी पेटीला तीन कुलुपे होती व तिन्ही किल्ल्या तीन वेगळ्या माणसांकडे असत; तिघे जमल्यावाचून पेटी उघडत नसे. पहिल्या वर्षाअखेर १५१ पौंड जमा झाले. रक्कम मोठी नव्हे; पण ज्यांच्या नावावर पूर्वी एक पौंडही कोठे लिहिलेला नव्हता, त्यांचे ते पैसे होते. गावोगावाहून विचारणा येऊ लागली. त्या काळी पत्राचा टपालखर्च बहुधा घेणाऱ्याने भरावयाचा असे. तरी डंकन प्रत्येकाला उत्तर लिहीत. १८१५ साली त्यांनी ह्या विषयावर एक पुस्तिका छापली आणि पुढे लंडनला जाऊन खटपट केली, तेव्हा १८१९ साली पार्लमेंटने स्कॉटलंडच्या बचत बँकांसाठी कायदा केला. आज आपल्या मंडळ्यांतून पतपेढ्या चालतात, भगिनी मंडळांतून महिन्याची बचत गोळा होते. पेटीला तीन कुलुपे लावण्याची ती रुथवेलची रीत त्यांच्या चालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता त्या क्रूसाकडे वळू. कबरस्तानात पडलेले तुकडे डंकन यांनी १८०२ साली उचलून आपल्या बंगल्याच्या बागेत नेले. कोणी ते भिंतीला लावू नयेत, हवेने ते अधिक झिजू नयेत, एवढीच तेव्हाची इच्छा. उभे करण्याइतके तुकडे हाती नव्हते. पुढे एक प्रसंग असा घडला की, गावातील एक गरीब नवरा-बायको एक-दोन दिवसांच्या अंतराने मरण पावली. दोघांना एकाच कबरेत ठेवावयाचे ठरल्यामुळे खड्डा नेहमीपेक्षा खोल खणावा लागला. त्या खोलीवर फावड्याला दगड लागला. बाहेर काढून पाहतात तो क्रूसाच्या वरच्या भागाचा कोरीव तुकडा! ज्यांचे नाव इतिहासात राहिले नाही अशा दोन गरीब माणसांच्या कबरेने हा तुकडा परत दिला.

१८२३ साली डंकन यांनी बागेत क्रूस उभा केला. आडवे बाहू मिळाले नव्हते, म्हणून गावच्या पाथरवटाकडून नवे करवून बसविले. त्यांवर काय कोरलेले होते हे कोणासच माहीत नव्हते, तेव्हा ती कोरणी अंदाजाची आहे. शेंड्याचा दगडही उलटा, मागची बाजू पुढे असा बसला, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. पण डंकन यांनी आपले काम लपवून ठेवले नाही. क्रूसाचे सविस्तर वर्णन चित्रांसह लिहून त्यांनी ते एडिंबरोच्या प्राचीन वस्तू संशोधक मंडळापुढे ठेवले. १८३३ साली ते छापून निघाले. ते वाचून दूरदूरच्या विद्वानांनी रून अक्षरांवर डोके चालविले. एकाला ते दानपत्र वाटले, दुसऱ्याला लग्नाचा करार. अखेर १८४० साली जॉन केंबल ह्या इंग्रज पंडिताने खरा अर्थ लावला. ते ना दानपत्र होते ना करार. ज्या लाकडावर प्रभू मेला ते लाकूडच तेथे आपली हकीकत सांगत होते. त्याला वाकण्याची परवानगी नव्हती, राजाचे ओझे त्याला वाहावे लागले, आणि तेही रक्ताने भिजले. त्याच कवितेची अधिक मोठी प्रत इटलीतील व्हर्चेली गावच्या दहाव्या शतकातील एका हस्तलिखितात मिळाली. पिढ्यानपिढ्या लोक ज्या दगडांवर पाय देत होते, त्यांच्या अंगावर वधस्तंभाची साक्ष लिहिलेली होती!

डंकन यांना दगड वाचण्याचा नाद होता म्हणा ना. जवळच्या कॉर्नकॉकल येथील खाणीत तांबड्या वालुकाश्मावर कोणा प्राण्याच्या पावलांचे ठसे दिसले, तेव्हा खाणीतले मजूर ते नवल म्हणून पाहत. डंकन यांनी ते मापले, चित्रे काढली, आणि ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ बकलंड यांना कळविले. बकलंड स्वतः धर्मगुरू होते. त्यांनी मऊ कणकेवरून कासवे चालवून ठसे ताडून पाहिले. १८२८ साली डंकन यांचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. प्राचीन प्राण्यांच्या पाऊलखुणांचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्या अगदी पहिल्या लेखांत त्याची गणना होते. ते ठसे पंचवीस कोटी वर्षांहून जुने आहेत हे आज आपण जाणतो. डंकन यांच्या विश्वासाला त्यामुळे धक्का बसला नाही. सृष्टीचा ग्रंथ आणि शास्त्राचा ग्रंथ एकाच हातचा आहे असे ते मानीत आणि ऋतूंवर त्यांनी चार भागांचा एक ग्रंथ लिहिला. १८३० साली वेस्ट इंडीजमधील गुलामगिरीविरुद्धही त्यांनी लेखणी उचलली.

१८३२ साली पत्नी ॲग्नेस निवर्तल्या. चार वर्षांनी त्यांनी केल्सोच्या दिवंगत पाळकांच्या विधवा मेरी लंडी यांच्याशी विवाह केला. मेरीबाईंची मुलगी, तिचेही नाव मेरीच, डंकन यांच्या मुलाला दिली होती. लहान मुलांच्या सायंप्रार्थनेचे एक गोड गीत हिने आपल्या लेकरांसाठी १८३९ साली रचले आणि पुढल्याच वर्षी, पंचवीस-सव्वीस वर्षांची असता, ती प्रभूकडे गेली. तिची बहीण जेन हिचा विवाह गीतकार होरेशियस बोनार यांच्याशी झाला. ज्यांच्या शास्त्रवाचनाच्या तक्त्याने आजही पुष्कळ घरांत वर्षभराचे वाचन होते ते रॉबर्ट मरे मॅक्चेन तरुणपणी सुटीत ह्याच भागात नातलगांकडे येत व रुथवेलच्या बंगल्यात त्यांचे जाणे-येणे असे.

१८३९ साली डंकन साधारण सभेचे मॉडरेटर झाले. मानाची सर्वोच्च जागा ती. पण मंडळीत मोठे वादळ उठले होते. पाळक कोणी नेमावा, मंडळीने की गावच्या जमीनदाराने, हा प्रश्न होता. आणि त्यात सरकारी न्यायालये मंडळीच्या कारभारात हात घालू लागली होती. मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे असे मुखाने म्हणावयाचे आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा मानावयाचा, हे अनेकांना पटेना. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे साधारण सभेतून पाळक उठून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. सुमारे ४७० पाळकांनी पगार, बंगला व चर्च यांवर पाणी सोडले. अडुसष्ट वर्षांचे डंकन त्यांत होते. त्यांचे दोन्ही मुलगे व जावई हेही पाळक होते; तेही बाहेर पडले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. चव्वेचाळीस वर्षे ज्या घरात संसार झाला ते घर सोडावयाचे होते. बाग त्यांनी हातांनी लावलेली. आणि त्या बागेत तो क्रूस उभा होता, ज्याचा एकेक तुकडा त्यांनी वीस वर्षे जपून जुळविला होता. तो काही बरोबर नेता येत नव्हता. विवेकाची हाक एका बाजूला आणि जन्मभराचे प्रेम दुसऱ्या बाजूला. डंकन बाहेर पडले आणि क्रूस बागेत राहिला.

जमीनदाराने नव्या मंडळीला चर्चसाठी जागा देण्याचे नाकारले. म्हातारे पाळक रस्त्याकडेच्या एका झोपडीवजा घरात राहिले आणि लोक उघड्यावर उपासनेस जमू लागले. पुढे जागा मिळून माउंट केदार येथे चर्च उभे राहिले. पण डंकन यांना तेथे फार दिवस सेवा करावयास मिळाली नाही. १८४६ च्या फेब्रुवारीत एका घरी उपासना चालवीत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. वय एकाहत्तर. माउंट केदार येथे लोकांनी त्यांचा स्मारकस्तंभ उभारला. बागेतील क्रूस १८८७ साली रुथवेलच्या चर्चमध्ये, त्याच्यासाठी मुद्दाम बांधलेल्या भागात नेण्यात आला. ज्या मंडळीच्या ठरावाने तो फोडला गेला, तिच्याच उपासनेच्या जागी तो परत आला.

ह्या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८४३ साली मुंबईचे डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सोबती हेही फ्री चर्चला मिळाले व त्यांना शाळेची इमारत सोडावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईस नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसविले. फ्री चर्चनेच १८४५ साली स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरला पाठविले. विल्सनसाहेबांनी लेण्यांतील जुने शिलालेख अभ्यासले. हिस्लॉप यांनी नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले आणि १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. जिवंत माणसांची काळजी वाहता वाहता मुक्या दगडांचेही ऐकून घ्यावे, ही रीत ह्या सर्वांची होती.

१६४२ चे लोक वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. देवाचा मान राखावा हीच त्यांची तळमळ होती. पण फोडण्याआधी त्यांनी तो वाचला नाही. यार्देनेतून उचललेले बारा दगड यहोशवाने गिलगालात उभे केले ते पूजेसाठी नव्हेत; पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा आणि वडिलांनी तो सांगावा म्हणून. मुलांनी विचारले तर सांगणारा कोणी हवा, आणि विचारण्यासाठी दगडही जागेवर हवा. डंकन यांनी दगड जागेवर आणला. आणि त्याच दगडाला मिठी मारून बसण्याची वेळ आली तेव्हा तो सोडून ते प्रभूच्या मागे गेले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.

आमच्या मंडळीच्या आवाराची ती भिंत अजून उभी आहे. आम्ही तेथे गेलो की तिच्या कडेने चालतो; कोणत्या ठिकाणी तो दगड आहे ते आता आम्हांस नक्की सांगता येत नाही. आपापल्या आवारात असा एखादा पालथा दगड असेल, कपाटात वाळवी लागलेली बाप्तिस्म्याची जुनी वही असेल, तर येत्या आठवड्यात मंडळीतील दोन तरुणांना बरोबर घेऊन ती उलटून पाहावी, एवढीच वाचकांस विनंती.